तात्यांची तीव्र चिंता

आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याला रंगनाथतात्यांकडून आयुष्यात एकदाच 'तीव्र चिंता' मिळाली. नाराजी तर त्याला आठवड्याला मिळायची, पावसाळ्यात दूध फारच पातळ झालं की चिंताही मिळायची. पण त्या दिवशी दुधात चक्क गवताची काडी निघाली. तात्या इस्त्रीचा सफारी घालून, केस चापून ओट्यावर आले, दोन्ही हात मागं बांधले आणि म्हणाले, "आम्ही तीव्र चिंता व्यक्त करतो."

दूधवाला बिचारा किटली खाली ठेवून उभा राहिला. "हाव तात्या. मंग दूध घालू का न्हाई?"

"दूध घाला. संबंध तोडलेले नाहीत."

आतून शांताकाकूंचा आवाज आला, "चिंता करून झाली असंल तर भाजी आणा म्हणावं. घरात वांगंसुद्धा न्हाई."

नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडं आमच्या भिंतीला भिंत लागून तात्या राहायचे. तेव्हा मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय पुस्तकातून वाचून पोरांना सांगायचो. शेजारी मात्र तो विषय सफारी घालून रोज भाजी आणायला जायचा. मला आणखी काय पाहिजे होतं?

तात्या मूळचे भोकरदन तालुक्यातले, केदारखेड्याचे. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, स्वतः शाळा सोडून यांना शिकवलं. टायपिंग, शॉर्टहँड करून ते दिल्लीला परराष्ट्र खात्यात कारकून झाले आणि तिथून शेजारच्या देशातल्या आपल्या वकिलातीत गेले. त्या देशाचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं 'तिकडं' म्हणत. काम व्हिसाच्या खिडकीवर शिक्के मारायचं. एक दिवस तिकडच्या सरकारनं त्यांना हेर ठरवलं आणि देशाबाहेर काढलं. पुढं दिल्लीत त्यांचं मन रमलं नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते जालन्यात आले आणि एका बियाण्यांच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळू लागले.

पण वकिलात काही त्यांच्या अंगातून गेली नाही. शेजारच्या शेळीनं तुळस खाल्ली की शेळीच्या मालकाला घरी बोलावून 'समज' दिली जाई, आणि समज देऊन झाल्यावर चहा. लग्नसराईत तर तात्यांना फुरसत नसायची. कोणाचा व्याही रुसला, कोणाच्या आत्याला आहेर हलका वाटला, कोणाचा मामा पंगतीत उन्हाच्या बाजूला बसला, की तात्यांना रिक्षा पाठवायची. तात्या येत, दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवत आणि मधून ये-जा करत. "त्यांनी खेद व्यक्त केलाय," असं इकडं सांगत. "त्यांनी तो स्वीकारलाय," असं तिकडं. मुळात खेद कोणीच व्यक्त केलेला नसायचा. पण मांडवात जेवणं वेळेवर व्हायची.

आणि दोन देशांनी एकमेकांची माणसं हेर म्हणून हाकलल्याची बातमी रेडिओवर लागली, की गल्ली तात्यांच्या ओट्यावर जमायची. कोणी विचारी, "तात्या, त्यानं काय चोरलं असंल हो?" तात्यांचा मात्र एकच प्रश्न ठरलेला असायचा. भुवया वर करून ते विचारत, "सामान बांधायला किती दिवस दिलेत?"

तो प्रश्न कुठून आला, ते मला शांताकाकूंनी सांगितलं. तात्या सांगत नसत. आपल्या सरकारनं दिल्लीत तिकडचा एक माणूस कागदपत्रं घेताना पकडला होता आणि हाकलला होता. चार-दोन दिवसांत तात्या तिकडच्या बाजारात मसाला घ्यायला गेले असताना दोघांनी त्यांना गाडीत घातलं. हातात एक पाकीट दिलं, फोटो काढला आणि सोडून दिलं. झाले तात्या हेर.

"मी डाळ भिजत घातल्ती," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी वडे करायचे होते. ह्ये आले, तोंड ह्ये असं पांढरं. म्हणले, आवर. डाळ तशीच ऱ्हायली बघा पातेल्यात. ह्यांचा एक सफारी शिंप्याकडं ऱ्हायला, त्याला एकच बाही लावल्ती. पण मला अजून ती डाळच आठवती. फुगून वर आली असंल, अन् उपसून घ्यायला कोणी न्हाई."

ही खरी गोष्ट. गावात मात्र दुसरी गोष्ट त्यांच्या आधीच पोचली होती. केदारखेड्यात तात्यांची हलगी लावून मिरवणूक काढली. सरपंचांनी फेटा बांधला आणि माईकवर सांगितलं, "आपल्या वाघानं तिकडली बित्तंबातमी खिशात घालून आणली!" तात्या उठून म्हणू लागले, "माझं काम फक्त शिक्के..." तेवढ्यात शेजारी बसलेल्या दादांनी त्यांचा सफारी खाली ओढला. "बस खाली," दादा पुटपुटले. "लोकं एवढी खूष होऊन राह्यलीत, कशाला नाट लावतो?" तात्या बसले. दादांचा चेहरा असा फुलला होता, की जणू तो फेटा त्यांच्याच डोक्याला बांधलाय. पुढं गावात कोणत्याही बैठकीत दादांचा शब्द वजनदार झाला. वाघाचा भाऊ म्हणजे वाघच.

आता माझा उपद्व्याप. मी कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय असा: हेरगिरी करणाऱ्या परदेशी राजदूतांना हाकलून द्यावे काय? आणि परीक्षक म्हणून बोलावलं तात्यांना. मला वाटलं, आज तरी वाघ गुरगुरेल. पोरं तर हाकलायला एका पायावर तयार. "घरात शिरलेला साप आपण पाळतो काय?" असं म्हणून एकानं टेबलावर मूठ आपटली, तर पाण्याचा तांब्या प्राचार्यांच्या मांडीवर. विरुद्ध बाजूनं बोलायला कोणी तयार होईना, म्हणून मी एका मुलीला जवळजवळ धमकावून उभं केलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "ओळखीचा चोर हाकलला, तर त्याच्या जागी अनोळखी चोर येईल. त्याला ओळखण्यात पुन्हा वर्षं जातील. त्यापेक्षा हा बरा. याच्यावर लक्ष ठेवा." पोरांनी तिची हुर्यो उडवली. तात्यांनी तिला पहिलं बक्षीस दिलं.

मग ते बोलायला उभे राहिले. "तरीही मी म्हणतो, हाकलावं," ते म्हणाले. "ज्यानं केलं, त्याला जरूर हाकलावं. त्याला तुरुंगात घालता येत नाही, मारायचं तर नाहीच. पाव्हण्यानं घरात हात मारला, तर आपण त्याची पिशवी हातात देतो आणि वाट दाखवतो. त्यातल्या त्यात सभ्य मार्ग आहे तो." टाळ्या पडल्या. तात्या टाळ्या थांबेपर्यंत थांबले. "पण मग तिकडून आपलाही एक माणूस परत येतो. त्यानं काय केलेलं असतं? काही नाही. त्याला फक्त बरोबरी करायला काढलेलं असतं. पहिल्याला काढणं हा न्याय झाला. दुसऱ्याला काढणं ही नुसती खुन्नस. तो दुसरा मी होतो. मी हेर नव्हतो. मी शिक्के मारत होतो."

अख्ख्या जालन्याचा हेर हातातून निसटला होता. तात्या घाम पुसत खाली बसले. मला वाटतं, तिकडून आल्यापासून त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नसावं. तेवढ्यात आभार मानायला प्राचार्य उठले, ओल्या धोतरासकट, आणि हसत म्हणाले, "मित्रहो, खरा हेर कधी कबूल करत असतो काय?"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मीही वाजवल्या.

इथपर्यंत तात्या म्हणजे आमच्या गल्लीची मौज होती. पुढचं सांगताना मला माझा आवाज जरा खाली आणावा लागतो.

तात्यांचं लग्न साट्यालोट्याचं होतं. आमच्याकडं ही जुनी रीत. यांची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची मुलगी यांच्या घरी. एका मांडवात दोन लग्नं. शांताकाकूंचं माहेर जांब समर्थच्या वाटेवर. त्यांचा भाऊ मारोती, त्याला तात्यांची धाकटी बहीण कौसा दिलेली. आणि शांताकाकू इकडं तात्यांना. अशा लग्नात सगळं गोड असलं की दुप्पट गोड. पण एका घरात भांडं वाजलं, की दुसऱ्या घरातलं आपोआप वाजतं.

मारोतीच्या शेतातली बोअर आटली होती आणि त्याच सुमारास त्याच्या धाकट्या भावाची सोयरीक ठरत होती. मुलीकडच्यांना पाण्याचं काही कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं. कौसा दिवाळीला केदारखेड्याला आली आणि आईजवळ बोलून गेली, "औंदा आमच्याकडं पाणी न्हाई गं." आई विहिरीवर बोलली. विहिरीवरची गोष्ट बाजारात गेली, बाजारातून मुलीच्या बापाकडं. सोयरीक मोडली. मारोतीच्या घरी निवाडा झाला: कौसा घरातल्या बातम्या फोडते. जीप करून, पेटी-भांड्यांसकट तिला केदारखेड्याला आणून सोडलं.

तात्यांनी हे ऐकलं तेव्हा मी तिथं होतो. ते चक्क हसले. "लेक माहेरी येऊन बातमी देणार नाही तर काय करणार? दूत त्यासाठीच असतो. मी जातो, दोन खोल्यांत बसवतो त्यांना."

पण जायच्या आधीच दादा आले. सोबत भावकीतले दोघं. ओट्यावर न बसता दादा थेट आत गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "रंगनाथ, शांताला पोचवून दे."

"दादा, तिनं काय केलं?"

"तिनं काय केलं ते कोण इचारतंय? आपली पोरगी आपल्या दारात पडलीय. त्यांची पोरगी इथं पंख्याखाली बसून राह्यली. गाव थुंकून राह्यलंय माझ्यावर. वाघाचा भाऊ म्हणत्यात मला!"

"मी जाऊन बोलतो ना त्यांच्याशी..."

"बोलून झालं तुझं. तुला तिकडच्यांनी हाकललं, तवा तू काय केलं ते कोणी इचारलं व्हतं का? बरोबरीच केली ना? मंग?" दादांचा आवाज एकदम बसला. "माझी शाळा तुझ्यापायी सुटली. आजवर कधी बोललो? आता एक गोष्ट मागून राह्यलो, ती बी न्हाई देत तू?"

मी तात्यांकडं पाहत होतो. आता ते हात मागं बांधतील, निदान चिंता तरी व्यक्त करतील, असं वाटत होतं. कॉलेजात उभ्यानं सांगितलेलं ते सगळं त्यांच्या ओठांवर असेलच. तात्यांनी मान खाली घातली.

शांताकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी दादांसमोर डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याकडं बघून विचारलं, "सामान बांधायला किती दिवस दिलेत?"

तात्या भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, "संध्याकाळची गाडी आहे."

काकू वळल्या. आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी भरली. रिक्षा मीच आणली, पेटीही मीच उचलून ठेवली, शेजारधर्म म्हणायचा. रिक्षात बसताना काकू मला म्हणाल्या, "सर, सकाळी डाळ भिजत घातलीय. तुमच्या घरी घेऊन जा. नासंल."

आम्ही ती डाळ आणली. बायकोनं वडे केले. मला एकही खाववला नाही, आणि बायको माझ्याकडं बघेना.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा ओटा ओस पडला. सफारी दोरीवर तसाच. ते पेढीवर जायचे, परत यायचे, करपलेल्या खिचडीचा वास गल्लीभर पसरायचा. दूधवाल्यानं मुद्दाम पाणीच पाणी घातलं, तरी नाराजीसुद्धा नाही. तो बिचारा मला म्हणाला, "सर, तात्या कायबी बोलंना गेलेत. मला तं भ्याव वाटून राह्यलं." मग एक दिवस रेडिओवर बातमी लागली: दोन देशांनी एकमेकांची माणसं काढली. सवयीनं चार जण ओट्यावर आले. एकानं लाडात येऊन विचारलं, "काय तात्या, सामान बांधायला किती दिवस दिले असतील?"

तात्या आत गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. इस्त्रीचा सफारी, एका हातात वळकटी. "चला, प्राध्यापक. साक्षीदार पाहिजे."

अंबडकडची एसटी धरली, पुढं दुसरी. तात्यांच्या सासरच्या वाड्यावर पोचलो तेव्हा सासरे किसनराव ओट्यावर तंबाखू मळत होते आणि मारोती बैलांना पाणी दाखवत होता.

"रामराम," तात्या म्हणाले.

"रामराम, जावईबापू. काय काम काढलं?"

"ऱ्हायला आलोय."

"किती दिवस?"

"तुम्ही हाकलेपर्यंत."

मारोती बादली टाकून आला. "कौसाला आणणार न्हाई मी. आत्ताच सांगून ठेवतो, भाऊजी."

"मी कुठं म्हणलं आणा? तुमच्या बहिणीनं काही केलं नव्हतं, तिला मी काढली. आता तुम्ही मला काढा. बरोबरी होईल. काढा, मारोतराव. माझी वळकटी तयार आहे."

बापलेक एकमेकांकडं पाहत राहिले. बायको परत पाठवता येते, तशी रीत आहे. दारात आलेल्या जावयाला हाकलायची रीत आमच्या अख्ख्या मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही! उलट, जावई दारात आहे तोवर त्याला गोडधोड करून घालावं लागतं, नाहीतर गाव नाव ठेवतं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी शिरा केला, मग पुरणपोळी, मग गुळवणी. मी दुसऱ्या दिवशी परतलो. माझा वर्ग होता. तात्या तिथंच. पुढचं सगळं तिकडून आलेल्या लोकांकडून कळत राहिलं. पोरं त्यांना 'घरजावई, घरजावई' म्हणून चिडवत. पारावरची म्हातारी माणसं विचारत, "काय पाव्हणं, काढलं न्हाई वाटतं अजून?" तात्या सगळ्यांना रामराम करत. सफारी मळला, तरी अंगात तोच. एवढं होऊन शांताकाकू त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट समोर ठेवायच्या आणि आत जायच्या.

शेवटी सासूबाईच टेकीला आल्या. "मारोत्या," त्या चुलीपुढून ओरडल्या, "डबा रिता झाला गुळाचा. जा अन् घेऊन ये तुझ्या बायकोला. न्हाईतर ह्या माणसाला तूच रांधून घाल!"

मारोती केदारखेड्याला गेला. कौसा नांदायला परत आली. दादा म्हणे रडले. बहिणीसाठी की बरोबरीसाठी, कोण सांगणार?

आता तात्यांनी बायकोला हात जोडले. "चल घरी."

काकू पहिल्यांदा बोलल्या. त्या वेळी अंगणात बरीच माणसं होती, आणि त्यांनी आवाज मुळीच खाली केला नाही. "कौसाचं काम झालं. तिनं बातमी दिल्ती, तिला काढली, तिला आणली. मी काय केल्तं ते सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

"काही नाही," तात्या म्हणाले.

"तिकडून निघालो तवा आगगाडीत तुम्ही काय म्हणलात? आपलं काही चुकलं नसताना आपल्याला काढलं, शांते, हे मी मरेस्तोवर विसरणार न्हाई. असं म्हणलात ना?"

"म्हणालो होतो."

"मंग विसरला कसे?"

काकू आत गेल्या आणि पेटी घेऊन आल्या. आल्या त्या जालन्याला. पण ती पेटी त्यांनी उघडून रिकामी केली नाही. दाराआड ठेवली, भरलेली. लुगडं लागलं तर त्यातूनच काढायच्या, धुऊन त्यातच ठेवायच्या. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणायच्या, "परत आवरायची घाई नको." आणि त्या घरात वडे बंद झाले. डाळ भिजत घालायची म्हणजे उद्या आपण इथं असणार, हे आज ठरवायचं. काकू उद्याचं काही आज करत नव्हत्या.

तात्यांनी कधी वडे मागितले नाहीत. लग्नातली बोलावणीही त्यांनी बंद केली. कोणी फार आग्रह केला, तर म्हणत, "दुसरा कोणी पाहा. मी त्या लायकीचा राहिलेलो नाही." लोकांना तो विनय वाटायचा.

मी त्यांना शेवटचं धड पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी. तोवर गल्लीत टीव्ही आले होते, तात्यांचे केस पिकले होते, सफारी खांद्यावरून ओघळत होता. दोन देशांचं पुन्हा बिनसलं आणि पुन्हा दोन्हीकडून माणसं निघाली. मी सवयीनं तात्यांकडं गेलो. पडद्यावर एक बाई कडेवर मूल घेऊन सुटकेस ओढत चालली होती. तिच्या मागं कारकुनासारखा दिसणारा एक माणूस, दोन्ही हातांत पिशव्या, कॅमेऱ्याकडं पाहायचं टाळणारा. बाहेर गल्लीत पोरं फटाके लावत होती.

शांताकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. पडद्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं. आणि हसत म्हणाल्या, अगदी सहज, म्हातारपणी नवऱ्याची थट्टा करावी तशा, "काय हो, मी आहे ना उद्यापर्यंत? भिजत घालू डाळ?"

मी हसलो. काकूही हसत होत्या. तात्या हसले नाहीत. ते उठले, दाराआडच्या पेटीला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. डबे खाली-वर केल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मी डोकावलो. त्यांनी पातेल्यात डाळ घेतली होती, गरजेपेक्षा खूप जास्त, आणि वर पाणी ओतलं होतं. झाकण ठेवलं होतं. आणि सफारी घातलेले आमचे वाघ त्या पातेल्याशेजारी जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून बसले होते.

"अहो, ती आपली आपण भिजती," काकू दारातून म्हणाल्या. "बसावं लागत न्हाई."

तात्या उठले नाहीत.